आकडे जुळलेलं पिस्तूल

कुओपिओ, ९ मार्च २०१५

प्रिय इर्या,

तुझं कार्ड मिळालं. अकरा वर्षांनी तुझ्या अक्षरातला माझा पत्ता पाहिला, आणि त्यात घराचा नंबर चुकवलायस. चौतीस वर्षं मी लोकांच्या घरचे विजेचे मीटर वाचले. माझ्याच घराचा आकडा चुकलेला पाहून मला काय होतं ते तुला नाही कळायचं. पोस्टमन ओळखीचा, म्हणून कार्ड पोचलं.

तू लिहितेस, "२३ मेला बाबा शंभर वर्षांचे झाले असते. त्याच दिवशी आमच्या इवालोच्या मैदानावर जुन्या शस्त्रांची नेमबाजी आहे. बाबांच्या लाहती पिस्तुलाने मी पन्नास गोळ्या झाडणार. बोलावत नाही, कळवते." कळवलंस हे बरं केलंस.

कल्पना चांगलीच आहे. फक्त बाहत्तराव्या वर्षी पन्नास गोळ्या म्हणजे मनगटाची परीक्षा, आणि ते पिस्तूल तर तुझ्याहूनही म्हातारं आहे. गेल्या ऑक्टोबरात मी ते तुमच्या क्लबच्या तेउवोच्या हाती तुझ्याकडे पाठवलं, तेव्हा मी आपला धरून चाललो होतो की तू ते ठेवशील. म्हणजे तिजोरीत. वर्षातून चारदा बाहेर काढशील, पुसशील, परत ठेवशील.

थोड्या सूचना देतो, रागावू नकोस. थंडीतून घरात आणलंस की पेटी लगेच उघडायची नाही. दोन तास तशीच राहू दे, नाहीतर लोखंडाला घाम फुटतो आणि आतून गंज धरतो. तेल पातळ, तेही थेंबभर. उणे वीसच्या खाली गेलं तर तेल पुसूनच टाक, ते घट्ट होऊन आत मागेपुढे धावणाऱ्या बोल्टला धरून ठेवतं. स्प्रिंगा सत्तर वर्षांच्या आहेत, म्हाताऱ्या माणसासारख्या, कधी रुसतील सांगता येत नाही. तेव्हा माझं ऐकशील तर पाच गोळ्या पुरेत. एकसुद्धा पुरे. खरं म्हणजे न झाडता नुसतं हातात धरून उभी राहिलीस तरी बाबांना पोचेल.

तुझ्या वहिनीने, सिर्क्काने तुला नमस्कार सांगितलाय. ती म्हणते, "दोन ओळींच्या कामाला तू दोन पानं लावतोस तेव्हा खाली काहीतरी पुरलेलं असतं." तिचं काय मनावर घ्यायचं!

तुझा भाऊ,
राउनो


कुओपिओ, २७ मार्च

इर्या,

तुझं उत्तर तीनदा वाचलं. तुझी जीभ वयाबरोबर बोथट होईल असं मला वाटलं होतं. माझीच चूक.

"राउनो, तू जन्मभर पिस्तुलं पुसलीस, एकही झाडलं नाहीस. स्वयंपाक करून भांड्याला कुलूप लावणारा माणूस तू. बाबांना मातीत ठेवून आलो त्या दुपारी, कॉफीचे कप धुवायच्या आत तू ते पिस्तूल कपाटातून काढून कोटाच्या खिशात टाकलंस. दहा वर्षांनी परत केलंस, आणि आता म्हणतोस नुसतं धरून उभी राहा?"

खिशात नव्हे, ब्रीफकेसमध्ये. आणि कुणीतरी ते कायद्याने ताब्यात घ्यायलाच हवं होतं. संग्राहकाचा परवाना माझ्याकडे होता, तुझा परवाना तुझ्या स्पर्धेच्या पिस्तुलाचा. कप धुवायच्या आधी घेतलं हे मात्र खरं. ते तुझ्या हातात जाऊ द्यायचं नव्हतं हेही खरं. लिहून टाकतो एकदाचं. बाबा तुला मैदानावर न्यायचे आणि परत आल्यावर माझ्यापुढे फडकं आणि नळी पुसायची काडी ठेवायचे. तू झाडायचीस, मी पुसायचो. तुम्ही दोघं मैदानावर काय बोलायचात ते मला कधी कळलं नाही. मला नुसता बंदुकीच्या दारूचा वास यायचा.

असो. एक तोडगा सुचवतो. माझ्याकडे दुसरं लाहती आहे, बाबांच्या तुकडीतल्या नीलोकाकांचं. काका गेल्यावर त्यांच्या बायकोकडून मी एक्याऐंशी साली घेतलं होतं. एकदम ठणठणीत आहे. २३ मेला तू ते झाड, हवं तर शंभर गोळ्या झाड. बाबांचं तेवढ्यापुरतं माझ्याकडे पाठव. कागदपत्रांचं मी तेउवोशी बोलतो. तो तुमच्या क्लबचाही सचिव, आमच्या संग्राहक मंडळाचाही, तेव्हा सगळं एका माणसात उरकेल.

लवकर कळव.

राउनो


कुओपिओ, १६ एप्रिल

इर्या,

एका ओळीचं कार्ड पाठवायला टपाल तिकीट तेवढंच लागतं, हे तुला माहीत असेलच. "नीलोकाकांचं ठणठणीत आहे, मग बाबांचं नाही की काय?" असा अर्थ कुणी काढावा! मी एक चांगलं आहे म्हटलं तर दुसरं वाईट आहे असं होतं का?

मागच्या बाजूला तू जे बारीक अक्षरात लिहिलंयस ते जास्त महत्त्वाचं आहे. तेउवोने तुला जुन्या काडतुसांच्या दोन पेट्या दिल्या. "जोरदार आहेत, लढाईतल्यासारखा आवाज येईल." इर्या, ती काडतुसं पिस्तुलाची नाहीत. ती मशीन पिस्तुलासाठी भरलेली, दारू जास्त. लढाईत दुसरं काही मिळेना म्हणून पोरांनी तीच लाहतीत घातली आणि पिस्तुलांची वाट लावली. दुकानातली साधी, सौम्य काडतुसं घे. मी पैसे देतो. तेउवोला सांग की राउनोने सांगितलं. नको, मीच सांगेन. नको, तूच सांग, पण माझं नाव घेऊ नकोस.

काल तुला दोनदा फोन केला. पहिल्यांदा माझा आवाज ऐकून ठेवलास. दुसऱ्यांदा म्हणालीस, "लिहून सांग. तोंडी बोललेलं तू नंतर नाकारतोस," आणि ठेवलास. त्यानंतर मी तिजोरी उघडून सगळं नीट आहे ना ते पाहिलं. सगळं नीट होतं. बाष्प मोजायचा काटा पंचेचाळीसवर. परत पाहिलं तर परत पंचेचाळीसवर. दिवसभरात सात वेळा पाहिलं असेल.

साधी काडतुसं. एवढं तरी ऐक.

राउनो


कुओपिओ, १० मे

प्रिय इर्या,

तुझ्याकडून काही नाही. तेउवोकडून मात्र आमंत्रणाची छापील पत्रिका आली, सगळ्या मंडळाला आली तशी. तुझं नाव तिसरं आहे. "इर्या, वडिलांच्या युद्धातल्या पिस्तुलासह." वेळ साडेदहा.

काळजीने माणसाचं काय काय होतं बघ. मी आठवडाभर जेवलो नाही नीट. मासा भरलेला आपला पाव सिर्क्काने केला होता, तुकडा तोंडात फिरत राहिला. काल शनिवार, वाफेचा सौना तापवला. वरच्या बाकावर मी भिंतीकडे तोंड करून बसलो होतो. सिर्क्काने दगडांवर पाणी ओतलं आणि म्हणाली, "राउनो, इथे चर्चमधल्यासारखं वागायचं असतं. काय केलंयस?"

मी म्हटलं, "काही नाही."

"काही नाही म्हणून तुझ्या मानेवरचे केस उभे राहतात का? बहिणीचं काही आहे. मार्चपासून चाललंय."

मग मी तिला सांगितलं. सगळं. ती अंगावर बर्चच्या डहाळ्यांची जुडी मारत राहिली. मग म्हणाली, "तू मला सांगितलंस. पण मी काही २३ तारखेला ते पिस्तूल डोळ्यांसमोर धरणार नाही. ज्याच्या पायाखाली बर्फ पातळ आहे त्याला सांग."

तर गोष्ट अशी आहे. तुला आठवत असेल, पाच वर्षांपूर्वी मंडळाने मला प्रशस्तिपत्र दिलं होतं. तुला कुठून आठवणार, तू नव्हतीस. नीलोकाकांच्या पिस्तुलासाठी दिलं होतं: "युद्धात वापरलेलं, सर्व आकडे जुळलेलं." तेउवोने भाषण केलं. म्हणाला, राउनोसारखा काटेकोर माणूस सबंध सावो प्रांतात नाही. ते चौकटीत घालून तिजोरीच्या वर लावलंय.

मी हे सगळं लिहून बसलोय आणि त्याच्या पुढचं वाक्य हाताला येत नाही. चार वेळा लिहिलं, चार वेळा फाडलं. बर्फ पातळ आहे, इर्या. आज मला एवढंच जमतंय. ते झाडू नकोस.

राउनो


कुओपिओ, १९ मे, मंगळवार

इर्या,

हे उभ्याउभ्या पोस्टात लिहितोय, घरी लिहिलं तर परत फाडीन.

लाहतीची दोन अंगं असतात. खालचं मुठीचं, वरचं नळीचं आणि बोल्टचं. कारखान्यात दोन्हींवर एकच आकडा ठोकतात. दोन्ही आकडे सारखे तर पिस्तूल जन्मल्यापासून अखंड. वेगळे तर ते विजोड, आणि आमच्यात विजोड पिस्तुलाकडे कुणी वळून बघत नाही.

नीलोकाकांचं पिस्तूल मी घेतलं तेव्हा ते विजोड होतं. मुठीवर ३३४१, नळीवर ३३१८. तेवीस वर्षं ते मला गळूसारखं ठसठसायचं. मग बाबा गेले. त्या संध्याकाळी घरी येऊन मी ब्रीफकेस उघडली, बाबांचं पिस्तूल फडक्यावर ठेवलं. मुठीवर ३३१८. नळीवर ३३४१.

कळतंय ना? दोघं एकाच खंदकात. एका घोंगडीवर बसून पिस्तुलं साफ केली असणार आणि जोडताना वरची अंगं चुकून बदलली. साठ वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. मी पोरांची चूक दुरुस्त केली, दोन मिनिटांत. नीलोकाकांचं अंग त्यांच्या मुठीवर, बाबांचं बाबांच्या. खटकन बसलं. माझ्या आयुष्यात मला त्याच्याइतका आनंद क्वचितच झालाय, आणि बाबांना मातीत ठेवून तेव्हा सहा तास झाले होते. हेही लिहितो.

म्हणजे तुझ्याकडे जे आहे त्याची मूठ बाबांनी युद्धभर धरली, पण वरचं अंग त्यांनी वापरलेलं नव्हे. ते माझ्या तिजोरीत, प्रशस्तिपत्राखाली आहे. बाबांच्या पिस्तुलाचा अर्धा भाग मी ठेवून घेतला आणि तुला पूर्ण म्हणून दिला.

एवढंच असतं तर मी मरेपर्यंत गप्प बसलो असतो.

ऑक्टोबरात तुला पाठवायच्या आधी मी ते तपासलं. आमची जुनी पद्धत, रॉकेलमध्ये भिजवायचं, कोरडं पुसायचं आणि वर खडूची भुकटी लावून ठेवायची. लोखंडात चीर असली तर तिच्यात शिरलेलं रॉकेल खडूवर पाझरतं. बोल्ट धावतो त्या खाचेच्या कोपऱ्यापासून मागे, झाडणाऱ्याच्या तोंडाच्या बाजूला, एक रेघ उमटली. माझ्या करंगळीच्या नखाएवढी. मी दुसऱ्यांदा केलं. रेघ तिथेच.

मी ती पुसली. तुला देताना वरचं चांगलं अंग बसवलं असतं तर नीलोकाकांचं परत विजोड झालं असतं, आणि मंडळाला, तेउवोला काय सांगणार होतो? स्वतःला म्हटलं, तिचं मनगट दुखतं, ती काही झाडत नाही, भिंतीवर लावेल. मांजर डोळे मिटून दूध पितं तसा मी ते खोक्यात भरलं.

त्या काडतुसांनी पहिल्याच गोळीला ते फुटेल असं नाही. दहाव्याला फुटेल, तिसाव्याला फुटेल, किंवा फुटणार नाही. फुटलं तर बोल्ट मागे येईल, तुझ्या डोळ्यावर.

झाडू नकोस. मला काय वाटेल ते बोल, सगळ्यांना सांग. पण झाडू नकोस. पत्र गुरुवारी मिळेल. मिळाल्याबरोबर फोन कर, एक घंटी वाजवून ठेव, मला कळेल.

राउनो


कुओपिओ, २३ मे, दुपार

इर्या,

गुरुवारी घंटी वाजली नाही. शुक्रवारीही नाही. मी तुला सोळा वेळा फोन लावला, बंद. पोस्टात गेलो, ती मुलगी म्हणाली, उत्तरेकडची टपालगाडी कधीकधी एक दिवस उशिरा पोचते.

आज सकाळी आठपासून मी टेलिफोनसमोर बसलो होतो. मैदानावर एकच नंबर आहे, तेउवोचा. मी नऊला हात नेला आणि परत घेतला. साडेनऊला सिर्क्का कॉफी ठेवून गेली. प्रशस्तिपत्रावर ऊन पडलं होतं. इर्या, मी तुला खरं सांगतो, सव्वादहापर्यंत मला वाटत होतं की नाहीच फुटणार. सव्वादहापर्यंत मी तुझा डोळा आणि तेउवोचं मत एका तराजूत घालून बघत होतो.

दहा वीसला लावला. तेउवो आनंदात होता. "अरे राउनो! तुझीच आठवण काढत होतो, तुझी बहीण..."

मी म्हटलं, "तिला थांबव. पिस्तुलाला चीर आहे."

"काय आहे?"

"चीर. वरच्या अंगाला. मला ऑक्टोबरात माहीत होतं."

मागे गोळ्यांचे आवाज येत होते. मग त्याने विचारलं, "माहीत असून माझ्या हातात दिलंस? सातशे किलोमीटर मी ते मांडीवर घेऊन आणलं?"

"हो. आणि प्रशस्तिपत्राचं पिस्तूलही मी जुळवलेलं आहे, मुळात तसं नव्हतं. ते नंतर. आधी तिला थांबव, तेउवो, पाया पडतो."

त्याने फोन टेबलावर टाकला. पावलं ऐकली. मग एक आवाज झाला, मग दुसरा, मग कुणीतरी ओरडलं आणि फोन कट झाला. त्यानंतर लागतच नाही.

आता एक वाजलाय. मी लिहितोय कारण हाताला दुसरं काही करवत नाही. सिर्क्काने माझी पिशवी भरलीय, इवालोला यायला चारची गाडी आहे. तू बरी असलीस तर हे पत्र चुलीत घाल. तू बरी अस.

राउनो


इवालो, २३ मे, संध्याकाळ

राउनो,

फोन चालू केला तेव्हा सिर्क्काने सांगितलं, तू चारच्या गाडीने निघालायस. तू उतरशील तेव्हा तेउवो स्टँडवर असेल, त्याच्या हाती हे देऊन ठेवते. समोरासमोर मी ओरडेन आणि मग जे सांगायचं ते राहून जाईल.

मी बरी आहे. तुझं पत्र गुरुवारीच मिळालं, सकाळी अकराला. मी चष्मा लावून आकडे पाहिले. आयुष्यात पहिल्यांदा पाहिले, मी नेम बघते, आकडे नाही. दोन्हीकडे ३३१८. मग पिस्तूल पेटीत घालून कुलूप लावलं आणि फोन बंद केला.

हो, मुद्दाम. घंटी वाजवली असती तर तू सुटला असतास. कागदावर, बंद पाकिटात, एकट्या बहिणीला खरं सांगून सुटला असतास. मला बघायचं होतं, की मी मरायच्या बेतात आहे असं वाटल्यावर तू चार लोकांत तोंड उघडतोस का. दुष्टपणा आहे, मला ठाऊक आहे. गुरुवार-शुक्रवार मी मोजले आणि म्हटलं, नाही करायचा तो, तिजोरीच निवडेल. आज सकाळी माझं स्वतःचं स्पर्धेचं पिस्तूल घेऊन रांगेत सराव करत होते. तू ऐकलेले आवाज माझ्याच गोळ्यांचे, आणि फोन तुटला तो टेबलावरून पडून. ओरडलं तेही मीच, तेउवो पांढराफटक होऊन धावत आला तेव्हा. "राउनोचा फोन आहे, सगळं सांगतोय," म्हणाला. मी पिस्तूल खाली ठेवलं आणि लोकांदेखत रडले. बाहत्तर वर्षांची बाई.

आता ऐक. तुला ठाऊक नाही, कारण बाबा हे मैदानावर सांगायचे आणि मैदानावर मी असायचे. ती चूक नव्हती.

बाबांनी त्या जोरदार काडतुसांनी आपलं पिस्तूल तडकवलं होतं, बेचाळीसच्या हिवाळ्यात. दुसऱ्या दिवशी त्यांना शत्रूच्या रेषेपलीकडे टेहळणीला जायचं होतं. दुसरं पिस्तूल नव्हतं. नीलोकाकांनी घोंगडीवर दोन्ही पिस्तुलं उघडली, आपलं चांगलं वरचं अंग बाबांच्या मुठीवर बसवलं आणि बाबांचं तडकलेलं स्वतःच्या. म्हणाले, "तू बाहेर चाललायस, मी इथेच बसणार आहे." बाबा परत आले तरी नीलोकाकांनी आपलं अंग परत घेतलं नाही. युद्धभर ते तडकलेलं कमरेला लावून हिंडले.

आणि तू साठ वर्षांनी ते जुळवलंस, राउनो. नीलोकाकांनी बाबांपासून दूर नेलेली चीर परत आणून बाबांच्या मुठीवर बसवलीस आणि ती मला दिलीस. दोन मिनिटांत. खटकन.

माझा राग जायला वेळ लागेल. सूप ठेवलंय, खाऊन घे.

पुढच्या वेळी माझ्या घरी येशील तेव्हा कागदपत्रं करून तुझ्या तिजोरीतलं ते वरचं अंग घेऊन ये. मंडळ काय लिहील ते लिहू दे. मैदानावर प्रत्येक वेळी पहिली गोळी झाडण्याआधी बाबा नळीवरच्या आकड्यावरून अंगठा फिरवायचे आणि एकच वाक्य म्हणायचे. मला वाटायचं सगळेच बाप म्हणतात.

"माझा जीव नीलोच्या नंबरावर चाललाय."

इर्या